अष्टमीची खांड

मेढेखाजणच्या खाडीवर अर्ध्या कोसाचा मातीचा बांध आहे. त्याच्या एका अंगाला भाताची शेते, दुसऱ्या अंगाला तिवरे आणि खारे पाणी. मधला वीस पावलांचा तुकडा बाकीच्या बांधापेक्षा रुंद आहे. त्याला अष्टमीची खांड म्हणतात. वैशाख शुद्ध अष्टमीला दिवस मावळताना गावातले सहा जण इथे दोराचे एक मोठे कडे चारी बाजूंनी ताणून धरतात. उत्तरेला दोघे, दक्षिणेला दोघे, पूर्वेला एक, पश्चिमेला एक. पाहुण्यांना ती रस्सीखेच वाटते. यात जिंकते कोण, असे हमखास कोणीतरी विचारते.

“कुणी जिंकू नये म्हणूनच ताणतात,” असे विश्राम गावकर म्हणतात. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ गावच्या मानकऱ्याच्या घरातले. पाहुण्यांना बांधावर बसवून ते पुढची हकीकत सांगतात.

फार पूर्वी घाटावर सलग तीन वर्षे पाऊस पडला नाही, तेव्हा अकरा घरे घाट उतरून इथे आली म्हणे. त्यांच्या पुढे होता निंबाजी गावकर. शेतीची जाण सगळ्यांना होती, समुद्र मात्र कोणीच पाहिलेला नव्हता. खाडीचे पाणी अडवले तर जमीन पिकेल, एवढे त्यांनी ओळखले. दोन हिवाळे खपून त्यांनी दोन्ही टोकांकडून बांध घालत आणला. मधली खांड, वीस पावलांची फट, तेवढी राहिली.

ती बुजवायला निंबाजीने अमावस्या निवडली. त्यात मूर्खपणा नव्हता. अमावस्येला ओहोटी सगळ्यांत लांब जाते, सकाळी खांडीचा तळ उघडा पडतो, कोरड्या पायाने काम करता येते. शिवाय त्या दिवशी चंद्र दिसत नाही, तेव्हा पाण्याला ओढणारे कोणी नाही, असा त्याचा हिशेब. तो देवीला नवसही बोलला की बांध अमावस्येलाच पुरा करीन.

खांड बुजवताना एका माणसाने समुद्राच्या बाजूला उभे राहून बांबूचे तट्टे पाठीने दाबून धरायचे आणि बाकीच्यांनी आतून माती लोटायची, अशी रीत होती. माघातल्या अमावस्येला हिरोजी उभा राहिला. दुपारच्या भरतीने बांध फोडला आणि तो सापडला नाही. फाल्गुनातल्या अमावस्येला कान्हू उभा राहिला. तोही गेला. चैत्रातल्या अमावस्येची पाळी सुभानाच्या घरावर आली. सुभानाची बायको ठकू.

ठकू ओहोटीला खडकांवरची कालवे काढायला जात असे. कान्हू गेला त्या दिवसापासून तिने एक काम मागे लावून घेतले, असे सांगतात. खांडीजवळच्या काळ्या खडकावर रोजची भरती जिथवर चढेल तिथे ती शिंपल्याने रेघ मारी. भरती रोज दोन घटका उशिरा येते, हे तिच्या चार दिवसांत ध्यानात आले. मग रेघा खाली उतरू लागल्या. अष्टमीची रेघ अमावस्येच्या रेघेच्या दोन हात खाली पडली. तिथून त्या पुन्हा चढल्या, आणि पौर्णिमेची रेघ अमावस्येच्या रेघेला जाऊन भिडली. इथे ठकू अडली. पौर्णिमेला चंद्र पुरा, अमावस्येला मुळीच नाही, आणि पाणी मात्र सारखेच. बायका तिला हसत. खडक बाळसं धरतोय का बघायला जाते, म्हणत. ती पुढची रेघ मारी. सुभाना घरी तट्टे विणत बसलेला असे.

अमावस्येच्या आदल्या सकाळी सगळे उंडीच्या झाडाखाली जमले. कोणी कुठे उभे राहायचे ते निंबाजी नेमून देत होता. ठकू दोराचे एक कडे घेऊन पुढे झाली. बांध उद्या घालू नका, आठ दिवसांनी अष्टमीला घाला, असे तिने सांगितले. लोक हसले. अष्टमीची ओहोटी कुठली लांब जायला, खांडीत कंबरभर पाणी उभे असते. पावणा घरात असताना दार लावायला सांगते ही, असे कोणीतरी म्हणाले.

“ठकू,” निंबाजी म्हणाला, “चंद्र नसताना पाणी एवढं वर चढतं, ते कुणाच्या जोरावर?”

“चंद्र असतो, तात्या. सूर्याच्या अंगाला असतो म्हणून दिसत नाही. त्या दिवशी दोघं एकाच बाजूनं ओढतात.”

“आणि पौर्णिमेला? तेव्हा तर दोघं समोरासमोर.”

ठकूने त्याला घाट उतरल्याची आठवण दिली. पुढे तगडी माणसे होती, मध्ये ती डोक्यावर ओझे घेऊन, मागे थकलेली माणसे. “मी मधे चालत होते. पुढचे माझ्यापासून लांब गेले आणि मागचेही लांब पडले. पुढं ओढ जास्त, मागं कमी. पाण्याचं तसंच होतं. ओढणाऱ्याच्या जवळचं पाणी पुढं सरतं, मधली जमीन थोडी सरते, पलीकडचं पाणी मागं राहतं. म्हणून फुगवटा दोन्हीकडं येतो, आणि दिवसात भरत्या दोन. चंद्र अलीकडून ओढो की पलीकडून, पाणी ताणलं जातं ते सारखंच.”

मग तिने कडे जमिनीवर पसरले. उत्तर-दक्षिण चौघांना ओढायला लावले, तेव्हा ते लांबट झाले. तो चंद्राचा जोर. सूर्याचा जोर त्याच्या साधारण निम्मा, हे तिने रेघांवरून काढले होते, म्हणून पूर्व-पश्चिम फक्त दोघांना उभे केले. त्यांनी आडवे ओढताच कड्याची लांबी आखडली. अष्टमीला सूर्य मावळताना अर्धा चंद्र डोक्यावर येतो, दोघांची ओढ अशी काटकोनात पडते, एवढेच ती म्हणाली.

मग पाण्यात माणूस टिकेल का, असे निंबाजीने विचारले.

“खांडीत पाणी असेल,” ठकू म्हणाली. “पण ते उभ्या माणसाच्या काखेच्या वर जायचं नाही.”

नवसाचे काय, असे एका म्हाताऱ्याने विचारले.

“नवस मी बोललोय,” निंबाजी म्हणाला. “मोडला तर देवी माझ्याकडं बघेल. अष्टमीला सुभाना नको. खांडीत मी उभा राहतो.”

ती अमावस्या तशीच गेली. अष्टमीला दुपारच्या ओहोटीत माणसे कंबरभर पाण्यात उतरली आणि कामाला लागली. साठीचा निंबाजी तट्ट्यांना पाठ लावून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. तिन्हीसांजेपर्यंत पाणी त्याच्या छातीवर आले, मग काखेला लागले. ठकू खडकावर होती. चंद्र डोक्यावर होता आणि सूर्य पाण्याला टेकला होता. पाणी तिथे थांबले, आणि थोड्या वेळाने उतरू लागले. निंबाजीला वर घेतले तेव्हा त्याला पाय दुमडता येत नव्हते. पुढचे सात दिवस भरती थोडी थोडी चढत गेली आणि तितकीच माती धरत गेली. पौर्णिमेचे पाणी बांधाला लागून परत फिरले. त्या पावसाळ्यात आत पहिले भात लागले. ठकू आणि सुभाना पुढे पुष्कळ वर्षे जगली, असे सांगतात.

निंबाजी त्यानंतर दर अमावस्येला उपाशी राहू लागला. त्याच्यामागे त्याच्या घराने तेच धरले. काही वर्षांपूर्वी इथल्या शाळेतल्या गुरुजींनी विश्रामना समजावले की ठकूचे म्हणणे शास्त्राला धरून होते, अमावस्येला बांध घातला असता तर तो फुटलाच असता, तेव्हा देवीने रागवावे असे त्यात काही नाही. विश्रामनी सगळे नीट ऐकून घेतले.

“गुरुजी, ठकू बरोबरच होती,” ते म्हणाले. “म्हणून तर आमच्या माणसानं शब्द मोडला. पण दिला होता ना.”

आजही अमावस्येच्या दुपारी भरती बांधाच्या माथ्याखाली चार बोटांवर येऊन उभी राहते. त्या वेळी गावातल्या सगळ्या घरांवर चुलीचा धूर दिसतो. गावकरांच्या घरावर दिसत नाही.