नसलेल्या लेकीला मारलेली हाक

माणसाच्या तोंडात अजून शब्द आले नव्हते, नुसत्या आरोळ्या होत्या, त्या काळची ही गोष्ट.

नदीकाठच्या एका टोळीत बिबट्याची एक आरोळी होती, हरणाची एक. पोरांना बोलवायलाही सरसकट एकच. नियम कडक होता: डोळ्यांना दिसेल त्यासाठीच ओरडायचं, कारण आरोळी ऐकली की हातातलं काम टाकून सगळे धावत. उगाच ओरडणाऱ्याला म्होरक्या बदडून काढी आणि स्वतःला मोठा न्यायी समजे.

टोळीतल्या एका आईने मात्र आपल्या लेकीसाठी वेगळी हाक शोधली होती, ‘ऊमी’. ती हाक फक्त त्या पोरीची. एका हिवाळ्यात ती पोर तापाने गेली. संध्याकाळी आई शेकोटीपाशी बसली आणि तिने हाक मारली, “ऊमी!”

सगळे धावत आले. पोर कुठेच नव्हती.

म्होरक्या गुरगुरला. त्याचे हातवारे आपल्या भाषेत सांगायचे तर, “कुठाय पोर? दाखव!”

आईने छातीवर हात ठेवला. “इथं आहे. मला दिसतेय.”

“खोटारडी!”

खरं तर हाक ऐकताच क्षणभर म्होरक्यालाही ती पोर दिसली होती, हसत धावत येणारी. तो मनातून टरकला. पण तसं कबूल करील तो म्होरक्या कसला! त्याने बाईला टोळीतून हाकलून दिलं. थंडीत एकटी बाई किती दिवस टिकणार? ती मेली.

तिची युक्ती मात्र म्होरक्याने ठेवून घेतली. एकदा त्याने टेकडीपलीकडच्या, न दिसणाऱ्या हरणांची आरोळी दिली आणि तिकडे बोट दाखवलं. शिकार मिळाली. टोळीने त्याला डोक्यावर घेतलं. मग काय, उद्याच्या शिकारीला शब्द आला, कालच्या भांडणाला आला, शेजाऱ्याच्या निंदेला तर ढीगभर आले. त्या आईचे हाल पाहिल्यावर पोराला नाव ठेवायची छाती मात्र कुणाची झाली नाही.

पुढे म्होरक्याचा एकुलता एक मुलगा नदीत बुडाला.

म्होरक्या शेकोटीपाशी बसला. पोराला एकदा, एकदाच हाक मारावी म्हणून त्याचा जीव तुटत होता. पण हाक मारणार काय? शेवटी पोरांना बोलवायची तीच जुनी आरोळी त्याने दिली.

टोळीतली सगळी पोरं धावत आली. त्याचं तेवढं आलं नाही.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याचं दुःख जो खोटं ठरवतो, त्याला स्वतःचं दुःख सांगायला शब्द उरत नाही.