कोंडाईची बारव

आजच्या म्हाताऱ्यांच्या पणज्या रांगत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. बोरखळी गावाला बारमाही नदी होती, म्हणून वेशीबाहेरच्या जुन्या बारवेचं पाणी कुणी भरत नव्हतं. पायऱ्यांची एवढी मोठी विहीर, पण तिचा उकिरडा झाला. कुणी फुटकं गाडगं टाकलं, कुणी फाटकी वाकळ, कुणी राख, कुणी मेलेली कोंबडी. बघता बघता चाळीस पायऱ्यांची बारव गळ्यापर्यंत भरली.

त्या गावात राणोजी सुतार आणि त्याची बायको कोंडाबाई राहायचे. कोंडाबाईच्या अंगणात काडी सापडायची नाही. घरातलं मोडकंतोडकं ती पाटीत भरायची आणि बारवेत रिकामं करून यायची.

एका सकाळी शेजारणीचं करडू बारवेत घसरलं. राणोजी उतरला आणि करडू काखेत मारून वर आला. टाचेत काहीतरी घुसलं होतं. त्यानं हळद दाबली, फडकं बांधलं आणि रंधा मारायला बसला. आठव्या दिवशी त्याची दातखीळ बसली. भिकाजी वैद्यानं टाच चिरली, आत रुतलेलं खापर काढून कोंडाबाईच्या हातावर ठेवलं.

"एवढुसं हाय, पण लई खोल गेलं व्हतं," वैद्य म्हणाला.

तिनं खापर धुतलं. त्याच्यावर चुन्याचे दोन पट्टे होते आणि मधे ठिपका. असे पट्टे गावात एकच बाई ओढायची. पाडव्याला नवं मडकं आलं, तेव्हा जुनं कोंडाबाईनंच बारवेत भिरकावलं होतं. दोन दिवसांनी राणोजी गेला. बाया गळ्यात पडून रडल्या, पण कोंडाबाईच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. ती आपल्या हाताकडं बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन बारवेत उतरली. गाव हबकलं. नवऱ्यापाठी बाईचं डोकं फिरलं, असं ज्यानं त्यानं धरलं. खंडेराव पाटील स्वतः काठावर आला.

"कोंडाबाई, एकट्या माणसानं उपसायची गोष्ट हाय का ही?"

"टाकताना मी कुणाला इचारलं न्हवतं, पाटील," ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन पुढं गेली.

असं म्हणतात, की वस्तू हातात घेतली की ती कुठल्या घरची हे तिला कळायचं. मग ती त्या दारात जाऊन उभी राहायची. "हे तुमचं हाय. ह्याचं काय करता यील ते बघा, न्हाईतर मला सांगा." सासूनं वीस वर्षांपूर्वी टाकलेली चाळण सून ओळखायची. पाटलाच्या दारात तर तिनं त्याच्या लग्नातला मोडका पाट नेऊन ठेवला. पाटलीणबाई तो उलटा करून म्हणाली, "एक खूर तेवढा बसवायचा राहिला व्हता."

हळूहळू माणसं शिकली. चिंध्यांच्या वाकळी झाल्या. राख भांड्यांना आणि भाजीच्या वाफ्यांना गेली. सालं गुरांपुढं गेली. कुजलेलं शेतात पडलं आणि तिथं ज्वारी माणसाच्या वर गेली. खापरं कुटून चुन्यात मिसळली, त्यानं घरांच्या गच्च्या गळायच्या थांबल्या. ज्या खापरानं राणोजीला नेलं, तसल्या खापरांनी कोंडाबाईला मात्र बारा वर्षांत एक ओरखडा काढला नाही, असं म्हणतात.

बाराव्या वर्षी नदी आटली. गावातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं असं ते झालं. वाळूत झरे खोदले, तेही सुकले. गुरं हंबरायची थांबली, तेव्हा माणसं खरी घाबरली. गाव सोडायला गाड्या जुंपल्या, आणि त्याच दुपारी बारवेतून हाक आली.

सगळे काठावर धावले. खाली चाळिसाव्या पायरीवर कोंडाबाई शेवटची पाटी भरून उभी होती आणि तिचे घोटे बुडाले होते. ती एक पायरी चढली. पाणीही एक पायरी चढलं. ती दम खायला थांबली, की पाणी थांबायचं. ती निघाली, की तेही निघायचं. पाटलानं हात जोडले. वरून तिसऱ्या पायरीवर ती बसली, पाटी बाजूला ठेवली आणि एक ओंजळ प्याली. मग बारा वर्षांत पहिल्यांदा ती रडली. गावानं तिला पोटभर रडू दिलं.

पुढं ती पुष्कळ जगली, सगळ्या गावाची कोंडाई झाली आणि म्हातारी होऊन गेली. पण बारवेचं पाणी त्या तिसऱ्या पायरीच्या वर गेलं नाही आणि खाली उतरलं नाही, असं म्हणतात.

बोरखळीत अजून नव्या सुनेला पहिल्या दिवशी ओटीच्या आधी घरातली एक मोडकी वस्तू देतात आणि विचारतात, "कोंडाई इचारती, ह्याचं काय करशील?" उत्तर आल्याशिवाय माप ओलांडू देत नाहीत. परवा एका शहरातल्या मुलीच्या हातात बूड फुटलेली प्लॅस्टिकची बादली आली. मुलीनं बादली उलटीपालटी केली, भोकातून बोट घातलं.

"पाणी जायला वाट आहेच," ती म्हणाली. "कढीपत्ता लावते."

म्हाताऱ्यांनी एकमेकींकडं पाहिलं. मग एकीनं तिच्या कमरेवर घागर दिली आणि बारवेची वाट दाखवली.