पोळ्याच्या दारातला वास

मधाला अजून भाव लागायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. जांभळाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. झाडलोट करणाऱ्या माश्या आळसावल्या आणि मेलेल्या माश्या दारातच कुजू लागल्या. भिंगरी नावाच्या पहारेकरणीला वाटलं, हा घाण वास शत्रूचाच! वास आला की ती डंख मारून तिथंच ठार करी. पण दारातून येणाऱ्या प्रत्येकीला तो वास लागेच. मढी वाढली, तसा वासही वाढला.

एकदा तिनं सख्ख्या बहिणीवरच नांगी उगारली.

"अगं भवाने, मी मध आणलाय!"

"तुझ्या अंगाला शत्रूचा वास येतोय!"

"मग स्वतःचे पाय हुंग की!"

भिंगरीनं हुंगले आणि ती गारच पडली. "अगं बाई! आता मला कोण मारणार?"

"मरायचं मागाहून बघू," बहीण म्हणाली, "आधी ही मढी उचलू लाग."