सखाहरीच्या साखरपुड्याचा फोटो

चिंचपूर नावाच्या गावात सखाहरी नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती? ‘बैलांना पाणी दाखवून आण’ म्हटलं, की बैल नदीवर न्यायचा, पाणी दाखवायचा आणि तहानलेलेच परत आणायचा. पण मनाने सोनं हो. कुणाला उलटं बोलणं नाही, की सांगितलेलं मोडणं नाही.

तर अशा सखाहरीचं लग्न जमलं. मुलगी रोहिणी, मामाच्या घरी वाढलेली. तिला तो पसंत होता. यादवमामांना मात्र पोरगा अर्धवट वाटत होता, आणि मामा म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. त्यांनी निरोप धाडला, "हल्ली साखरपुड्याच्या आधी जोडीचे फोटो काढतात. आम्हीही काढू. त्या दिवशी पोराला पारखतो. वेडेपणा दिसला, तर सोयरीक मोडली."

सखाहरीच्या आईने देव पाण्यात घातले. सखाहरी खुशीत होता. रोहिणी आपल्याला फार आवडते, एवढं त्याला पक्कं कळत होतं.

फोटोच्या दिवशी सकाळीच आईने त्याला इस्त्रीवाल्याकडून कुर्ता आणायला धाडलं. सखाहरीने कुर्त्याची वळकटी केली, काखेत मारली आणि घरी आला.

"अरे लेकरा, इस्त्रीचा कपडा असा आणतात? दोन्ही हातांवर आडवा घ्यायचा. मिरवत आणायचा."

"चुकलं आई. आता ध्यानात ठेवतो."

आणि ठेवायचा बरं का. तेच तर दुखणं होतं.

फोटोत चेहरा उजळ दिसावा म्हणून आईने दही आणायला सांगितलं. गवळणीने भांडं मागितलं. सखाहरीने दोन्ही हात पुढे केले. दही आडवं घेऊन गडी गावातून मिरवत निघाला. कोपरापर्यंत ओघळ आणि मागे गावातली सगळी कुत्री. घरी पोचला तेव्हा हाताला वास तेवढा उरला होता.

"दही डब्यात घालायचं असतं, बाबा. वरून झाकण दाबून बसवायचं, चांगलं घट्ट."

"चुकलं आई. आता ध्यानात ठेवतो."

मग फोटोवाल्याचा फोन आला, रंगीत फुगे हवेत. सखाहरी पिठाचा डबा घेऊन दुकानात गेला. फुगवलेले फुगे डब्यात कोंबले, वर झाकण ठेवलं आणि दाबलं. चांगलं घट्ट. दुकानदार घाबरून काउंटरखाली शिरला. घरी आल्या त्या रबराच्या चिंध्या.

आईने कपाळाला हात लावला. "फुग्याला दोरा बांधतात रे. दोरा मुठीत धरायचा आणि आपण पुढे चालायचं. तो आपोआप मागे येतो."

"चुकलं आई. आता ध्यानात ठेवतो."

तेवढ्यात मामांची एसटी यायची वेळ झाली. आई म्हणाली, "जा, फाट्यावरून पाहुण्यांना घेऊन ये. मामांचा मान राख."

फाट्यावर सखाहरीने वाकून नमस्कार केला, मामांच्या मनगटाला दोरा बांधला आणि निघाला.

"अरे, हे काय?"

"चला मामा. तुम्ही आपोआप मागे येता."

पारावर बसलेली माणसं बघायला उठून उभी राहिली. मामा ओढले जात होते, आणि मागून रोहिणीसोबत हौसामामी तोंडाला पदर लावून हसत होत्या. घरी पोचल्यावर मामांनी दोरा दातांनी तोडला.

"ऐक. साखरपुडा होईस्तोवर आमच्या माणसाला हात लावायचा नाही. हातभर अंतर ठेवायचं. आणखी एक चूक झाली, की संपलं."

"चुकलं मामा. आता ध्यानात ठेवतो."

फोटो गावाच्या बंधाऱ्यावर काढायचे होते. फोटोवाला म्हणाला, "जवळ या." सखाहरीने हाताने मापून अंतर ठेवलं. "आणखी जवळ या." त्याने पुन्हा मापलं. एवढ्यात शेवाळावरून रोहिणीचा पाय सरकला.

"अहो, हात द्या."

"मामा नको म्हणालेत," सखाहरी म्हणाला, आणि त्याने हात पाठीमागे बांधले. रोहिणी हळूहळू घसरत गेली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन बसली.

मामा ओरडले, "अरे दगडा, बाईमाणूस खाली जाताना दिसलं, की अंतर मोजत बसतात का? पुढे व्हायचं आणि वरच्यावर उचलायचं."

"चुकलं मामा."

इकडे हौसामामी उभ्या राहून दमल्या होत्या. बसावं म्हणून त्या एका दगडावर टेकायला वाकल्या. सखाहरीने पाहिलं. बाईमाणूस खाली जातंय. तो धावला आणि त्याने मामींना वरच्यावर उचललं. मामी अंगाने चांगल्या भरलेल्या. सखाहरीचे पाय लटपटत होते, पण खाली ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं. मामी आधी किंचाळल्या, मग लाजल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. फोटोवाल्याने सवयीने बटण दाबलं.

मामा लालबुंद झाले. "उद्या साखरपुड्याला आलो तर आलो. नाही आलो तर समजून घ्या."

रोहिणी ओला पदर पिळत म्हणाली, "मामा, सांगितलेलं एवढं ऐकणारा नवरा शोधून तरी मिळेल का?" मामा पाठ फिरवून फाट्याकडे चालू लागले. सखाहरीला पहिल्यांदाच रडू आलं. आता एकही चूक करायची नाही, असं त्याने ठरवलं.

फोटोवाल्याने सगळे फोटो सखाहरीच्या मोबाइलवर पाठवले आणि बजावलं, "ज्यात बाई हसतेय, तोच फ्लेक्सवाल्याला दे." सखाहरीने एकेक फोटो नीट पाहिला. रोहिणी सगळीकडे भिजलेली आणि रागावलेली. हसणारी बाई एकाच फोटोत होती.

सकाळी गावाच्या वेशीत भलामोठा फ्लेक्स लागला. हातांवर हौसामामी, खाली सखाहरी, आणि त्याखाली ‘चि. सखाहरी व चि. सौ. कां. रोहिणी’. आई बघून मटकन खालीच बसली.

"अरे, फोटो एकीचा आणि नाव दुसरीचं, असं असतं का? दोन्ही एकीचंच पाहिजे. मामा आले तर यायच्या आत नीट कर."

"चुकलं आई. आत्ता करतो."

सखाहरीने शिडी आणली. बैलांच्या शिंगांना लावायचा रंग आणला. जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर जपून, त्याने सगळं नीट केलं.

मामा मामींना घेऊन आले. लग्न ठरल्याची सुपारी परत करायचीच, असं ठरवून आले होते. वेशीत थांबले आणि मोठ्याने वाचू लागले, "चि. सखाहरी व चि. सौ. कां... हौसाबाई."

सगळं गाव गोळा झालं होतं. मामांनी मामींचा हात धरला. "चला माघारी. सोयरीक मोडली."

मामींनी हात सोडवून घेतला. "मोडली म्हणजे? वेशीवर नाव लागलंय माझं. आता साखरपुडा झालाच पाहिजे. नाही तर लोक म्हणतील, हौसाबाईचं मोडलं."