अंगाला एक कुसळ नाही

माणसांच्या आधी जनावरांचा बाजार भरायचा, तेव्हाची गोष्ट. तरसाने दुकानाला गवताचं तोरण बांधलं आणि ओरडू लागला, "कुरणात चरलेल्या रेड्याचं मांस!"

आजारी नातवासाठी म्हातारी वाघीण आली. तिने टांगलेल्या कातड्यावरून पंजा फिरवला.

"कुरणात चरला, आणि अंगाला गवताचं एक कुसळ नाही?"

तरस गडबडला. "आजी, लहानपणी चरला होता की! नंतर गोठ्यात पेंड खायचा."

"लहानपणी मीसुद्धा नुसत्या दुधावर होते रे," वाघीण म्हणाली. "म्हणून आज तुला खाणार नाही, असं समजू नकोस."

तोरण लगेच उतरलं. दुसऱ्या दिवसापासून तरस रेडे घेऊन कुरणात जाऊ लागला.

पुढच्या बाजारी म्हातारीने आधी तरसाच्याच शेपटीत अडकलेली कुसळं पाहिली, आणि मगच पिशवी उघडली.