तांबटाचा बेलभंडार

एकदा एक तांबट अफूच्या आहारी गेला. हात असे थरथरू लागले की हातोडीचे ठोके हंड्यावर कमी आणि बोटांवर अधिक पडत. गावच्या वृद्ध वैद्यांनी त्याला आपल्या पट्टशिष्याच्या हवाली केले. शिष्याने मात्रा हळूहळू उतरवली, अंगदुखीत शेक दिला, झोप उडाली तेव्हा सोबत केली आणि दोन महिन्यांत अफू सोडवली. इथवर सारे उत्तम होते. पण उत्तम झालेले चारचौघांना दाखवावे, हेही एक व्यसनच असते.

शिष्याने खंडोबाच्या देवळात गाव जमवला आणि तांबटाच्या हाती बेलाची पाने व हळद देऊन बेलभंडार उचलायला लावला. "पुन्हा अफूला शिवणार नाही!" शपथ एका वाक्याची होती. त्यावरचे शिष्याचे भाषण तासभर चालले.

चार महिन्यांनी तांबटाची बायको धावत आली.

"वैद्यबुवा, लग्नात जुने सोबती भेटले, तिथं थोडी घेतली. कालपासून कारखान्याला आतून कडी लावून बसलेत. म्हणतात, देवाची आण मोडली, आता कुठलं तोंड दाखवू? हातात अफूची डबी आहे हो!"

शिष्याचा चेहरा आक्रसला. "बेलभंडार मोडणाऱ्याला औषध नसतं, गुरुजी. गावात माझी काय शोभा राहिली?"

वैद्य केव्हाच अंगणात उतरले होते. "त्याच्या शरीराची सवय तुटली आहे. पूर्वीएवढी गोळी आज घेतली तर श्वास थांबेल. तुझी शोभा सावकाश बघू. चल!"

दार फोडले तेव्हा गोळी तळहातावर होती. वैद्यांनी ती उचलून घेतली आणि काही घडलेच नाही अशा थाटात ते भट्टीजवळ बसले.

"का रे, एका हंड्याला ताव किती द्यावे लागतात?"

तांबट गोंधळला. पण प्रश्न धंद्यातला होता. "सात. पत्रा जाड असला तर नऊसुद्धा. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, बुवा. पुन्हा भट्टीत घालून मऊ केलं नाही तर तडकतं."

"सातव्यांदा घालताना हंड्याला शिव्या देतोस?"

"हंड्याला कशाला?" तांबट ताठ बसला. "शिव्या देणारा तांबट कच्चा समजायचा."

वैद्यांनी शिष्याकडे पाहिले. शिष्य भट्टीकडे पाहू लागला.

उपचार पुन्हा सुरू झाले. आठवड्याने वैद्यांनी त्याच देवळात, त्याच गावासमोर बेलभंडार मागवला आणि तो शिष्याच्या हाती ठेवला.

"मी?" शिष्य चपापला. "गुरुजी, मी तर सुपारीही खात नाही!"

"म्हणून तर इतरांच्या शपथा तुला स्वस्त वाटतात. म्हण: हा पुन्हा घसरला, तरी माझं दार उघडं राहील."

शिष्याने शब्द उच्चारले. वैद्य म्हणाले, "ताप उलटला तर आपण रोग्याला देवळात उभं करत नाही, औषध बदलतो, पथ्य बदलतो. व्यसन हाही उलटणारा आजार आहे. मात्रा उतरवणं हे पहिलं काम. त्यापुढं नवी संगत हवी, हाताला काम हवं आणि परत यायला वाट हवी. तू औषध उत्तम दिलंस, पण शपथेनं ती वाट मात्र बुजवलीस."

पुढच्या शिमग्यात तांबट पुन्हा घसरला. दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, तो बाजारपेठेतून निघाला. पानवाल्याने डोळा मिचकावत विचारले, "काय मिस्त्री, कुठं निघाली स्वारी?"

"भट्टीत," तांबट म्हणाला आणि मान वर ठेवून चालत राहिला.

शिष्याने दार उघडले. त्याला भाषण सुचले नाही. आपल्या हातून बरे होणारे माणूस स्वतःच्या पायांनी परत आले, याचा त्याला अभिमान वाटला. त्याने फक्त पाट मांडला.

शपथ घ्यायचीच असेल, तर ती आधी धडधाकटांनी घ्यावी.