आडवेळला उणं सांगून उठतात

बसा, खुर्च्या जरा पाण्याकडे फिरवून बसा. आडवेळला येऊन समुद्राकडे पाठ करून जेवायचं म्हणजे गोठ्यात जाऊन दुधाची पिशवी मागण्यासारखं आहे. या वाळूवर ओळीनं सात खानावळी आहेत. वर माडाच्या झापांचं छप्पर, खाली वाळू, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि फळ्यावर खडूनं लिहिलेला आजचा मासा. एवढंच या गावाचं वैभव, पण त्यासाठी लोक पुण्याहून सात-आठ तास गाडी हाकत येतात.

मघाशी पलीकडच्या टेबलावर तुम्ही पाहिलंत ना? चौघं जेवून उठायला लागले, तशी या खानावळीची मालकीण विशाखावहिनी हात जोडून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "उणा काय?" ते म्हणाले, "काही नाही, मस्त होतं." ती हलली नाही. त्यांनी फोन दाखवला, पाच तारे दिलेत म्हणाले. तरी ती हलली नाही. शेवटी एकानं चाचरत सांगितलं की भाकरी जरा जाड होती. तेव्हा तिनं मान डोलवली आणि वाट सोडली. पाहुण्यांना वाटतं बाई विक्षिप्त आहे. पण सातही खानावळींत हेच चालतं. जेवणात कमी काय राहिलं ते सांगितल्याशिवाय इथून कुणी उठत नाही. पुण्याच्या मंडळींना हे फार जड जातं, कारण त्यांना उणं दिसत असतं, पण ते घरी गेल्यावर सांगायचं असतं. कोल्हापूरकर मात्र बसायच्या आधीच सांगतो की तिखट कमी आहे.

आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, अन्नाला नावं ठेवू नयेत. मग या एकाच गावात उलटी रीत का, असं तुम्ही विचारणारच. ऐका.

शिडाच्या होड्यांच्या काळातली गोष्ट. आडवेळला तेव्हा मथुराबाय नावाची गाबतीण, म्हणजे मासेमाराची बायको, होती. नवरा दर्यावर गेला तो परत आला नाही. मूलबाळ नव्हतं. बाईनं रडून घेतलं आणि तेराव्यानंतर याच वाळूवर चार खांब रोवून मांडव घातला. दुपारी होड्या लागल्या की खलाशी तिच्या मांडवात जेवायचे आणि आपल्या मासळीतला वाटा तिला द्यायचे. पहिल्यांदा चूल पेटवली त्या दिवशी तिनं गावदेवी सातेरीच्या देवळात जाऊन शपथ घेतली होती, असं सांगतात. "माज्या मांडवातसून एक माणूस जरी तोंड वाकडा करून उठलो, तर त्या दिवसापासून मी चूल पेटवूचंय नाय."

शपथ फुशारकीची होती, हे मी याच गावचा असूनही कबूल करतो. पण तिचा हातच तसा होता. तळहातावर थेंबभर सार घेऊन ती जिभेला लावायची, डोळे मिटायची आणि चिमूटभर काहीतरी टाकायची. त्या चिमटीला तोड नव्हती. वर्षानुवर्षं तोंड वाकडं करायची वेळ कुणावर आली नाही. आणि त्या चुलीखेरीज तिला जगात दुसरं काही नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एका पावसाळ्यात गावात तापाची साथ आली. मथुराबाय महिनाभर अंथरुणाला खिळली. उठली, पण तापानं जाताना तिची जीभ आणि नाक दोन्ही नेली. मीठ खाल्लं काय आणि वाळू खाल्ली काय, तिला सारखंच. कुणाला सांगणार? चव गेलेल्या सुगरणीच्या हातचं कोण खाणार, या भीतीनं तिनं तोंड मिटून घेतलं. नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या आणि तिनं सवयीच्या अंदाजानं चूल पेटवली.

पहिल्या दिवशी मीठ दुप्पट पडलं. दुसऱ्या दिवशी पडलंच नाही. तिसऱ्या दिवशी कोकमं विसरली. पंक्तीला वीस माणसं असायची आणि विसांनाही तिची शपथ पाठ होती. तोंड वाकडं केलं तर बाईची चूल विझणार! मग काय करायचं? गिळायचं. वादळात डोलकाठीवर चढणारी माणसं ती, पण त्या दोन महिन्यांत त्यांनी जे खाल्लं त्याला जास्त छाती लागली असेल. कुणी कनवटीला गुळाचा खडा बांधून यायचा. कुणी प्रत्येक घासाला तांब्याभर पाणी प्यायचा. होडीवर नवा खलाशी आला की जाळं ओढायला शिकवायच्या आधी त्याला म्हणे तोंड सरळ ठेवायला शिकवायचे. बुधाजी नावाचा एक खलाशी होता, त्याचा चेहरा काही केल्या ऐकेना, म्हणून त्याला कायम खांबाच्या आड बसवत. मला या लोकांचं हसू येतं आणि अभिमानही वाटतो. एका बाईसाठी वीस जण जेवणाच्या वेळी रोज लबाडी करत होते, आणि त्यात कुणाचाही एका कवडीचा फायदा नव्हता.

पण लबाडी प्रेमाची असली तरी ती कुठेतरी नडतेच.

आश्विनातलं ऊन तुम्हाला माहीत नसेल. ते कातडीतून आत जातं. त्या दिवशी वारा उलटा होता, होड्या रिकाम्या आल्या. मथुराबायकडे आदल्या दिवशीचे बांगडे ओल्या गोणपाटाखाली होते. ते उतरले होते. पूर्वीची असती तर तिनं दहा पावलांवरून ओळखून टोपली दर्यात उलटी केली असती. पण तिच्या नाकाला काही कळलं नाही. तिनं मिरची वाटली, तिरफळं घातली आणि मोठ्या मडक्यात तिकलं, म्हणजे माशाचं तिखट कालवण, शिजवलं.

मांडवाची एक रीत होती. आधी फक्त तांडेलाला, म्हणजे होडीच्या मुख्याला, वाढायचं. त्यानं पहिला घास खाऊन 'वाढ' म्हटलं की मग पंक्तीला. त्या दिवशी पहिल्या पानावर धाकू तांडेल होता. साठी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. मथुराबायच्या नवऱ्याबरोबर त्यानं अर्धं आयुष्य दर्यावर काढलेलं. त्यानं घास तोंडात घातला आणि त्याला कळलं. आजचं प्रकरण मिठाचं नव्हतं. हे पोटात गेलं तर माणसं आडवी होतील.

समोर मथुराबाय डाव हातात धरून त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी. मागे एकोणीस माणसं पानं मांडून बसलेली, समोर येईल ते मुकाट गिळायची सवय झालेली. 'वाढू नको' म्हणावं तर बाईची चूल कायमची जाते. 'वाढ' म्हणावं तर एकोणीस संसार पणाला लागतात.

धाकू तांडेल 'वाढ' म्हणाला नाही. शांतपणे जेवत राहिला. पानावरचा बांगडा काट्यापर्यंत साफ केला, भाताचं शीत ठेवलं नाही, चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. मग उठला, चुलीजवळून गेला आणि जाता जाता त्यानं मडक्याला लाथ मारली.

मडकं फुटलं, तिकलं वाळूत गेलं. पंक्तीत एकच ओरडा झाला. अन्नाला पाय लागला तर आपण कपाळाला हात लावून क्षमा मागतो, आणि इथे तांडेलानं सगळ्यांदेखत शिजलेलं अन्न लाथाडलं होतं! धाकू खाली मान घालून उभा होता. मथुराबायचे डोळे पेटले. ती म्हणाली, "धाकू, आजपासून माज्या मांडवात पाय ठेवूचो नाय." त्यानं हात जोडले आणि निघून गेला. त्याच्याच होडीचे खलाशी त्याच्या वाटेतून बाजूला झाले. एका लाथेसरशी साठ वर्षांची अब्रू त्या माणसानं अशी वाळूत ओतली, आणि का ते कुणाला सांगितलं नाही.

सांडलेल्या तिकल्यावर किनाऱ्यावरची मांजरं धावली. ही मांजरं तुम्ही बघताच आहात, माशाच्या एका काट्यासाठी एकमेकांचे कान फाडतात. ती आली, नाक लावलं आणि मागे फिरली. एकाही मांजरानं तोंड लावलं नाही.

मथुराबायनं ते पाहिलं. वाकून वाळूतला एक तुकडा उचलला, नाकाशी धरला. तिला काही कळेना. मग तिनं खांबाआड बसलेल्या बुधाजीपुढे तो धरला.

"ह्येका वास येता?"

बुधाजीनं सगळ्यांकडे बघितलं आणि खाली बघत म्हणाला, "येता गो बाये."

"कदीपासून?"

"वास आजच. मीठ मातर नारळी पुनवेपासून."

मग तिला सगळं उमगलं. गुळाचे खडे, पाण्याचे तांबे, आणि धाकूची लाथ. ती तशीच अनवाणी तापल्या वाळूतून धाकूच्या घरी गेली. तो बाजेवर पडला होता, तोंड लालबुंद, उलट्या थांबत नव्हत्या. ती उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "माका कित्याक सांगलंस नाय?"

तो म्हणाला, "तुजी चूल इजली तर आमी जेवाचा खंय?"

"इजलीच ती आता. शपथ मोडली."

"मोडली कशी? तोंड वाकडा करून कोण उठलो? मी पान साफ करून उठलंय."

त्याही अवस्थेत तो हसत होता, असं सांगतात. दोन दिवस त्याच्या जिवाची शाश्वती नव्हती आणि मथुराबाय त्या उंबऱ्यातून हलली नाही. मीठ-साखरेचं पाणी नि भाताची पेज तिनंच भरवली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठून बसला, तेव्हा ती थेट सातेरीच्या देवळात गेली. पहिली शपथ तिनं देवीच्या पायाशी परत केली आणि दुसरी घेतली, की माझ्या मांडवात जेवलेला माणूस उणं सांगितल्याशिवाय उठणार नाही, आणि ते ऐकून मला राग आला तर मात्र माझी चूल विझो. आपल्या चुका रोज, वीस तोंडांतून, हात जोडून ऐकायच्या! ही शपथ पाळणं पहिलीपेक्षा किती अवघड, ते ज्याला आपल्या कामाचा अभिमान आहे त्यालाच कळेल.

पुन्हा पंगत बसली. जेवणं झाली, ती समोर उभी राहिली, म्हणाली, "उणा काय?" सगळे धाकूकडे बघायला लागले. शेवटी धाकू तांडेल म्हणाला, "मीठ." ती म्हणाली, "कमी की जास्त?" तो म्हणाला, "दोन म्हयन्याचा हिशेब एकदम देऊ?" तेव्हा पंगत जी हसायला लागली ती थांबेना, आणि मग ज्याच्या त्याच्या तोंडून तक्रारी सुटल्या. मथुराबायनं एकेक ऐकली. राग आला नाही.

तिची चव पुढे कधीच परत आली नाही. पण वर्षभरात तिच्या हातचं असं झालं, की वेंगुर्ल्याला माल घेऊन निघालेली गलबतं आधी आडवेळला नांगर टाकायची. मीठ न कळणारी बाई मीठ नेमकं टाकायची. कुणी म्हणतं सातेरीनं तिच्या बोटांना चव दिली. मला विचाराल, तर एका जिभेच्या जागी तिला वीस जिभा मिळाल्या होत्या.

अशी बरीच वर्षं गेली. धाकू तांडेल एका पौषात म्हातारपणानं गेला. तेराव्यानंतर होडी पुन्हा दर्यात गेली, दुपारी खलाशी मांडवात आले. मथुराबायनं सुरमईची कढी, म्हणजे नारळाच्या रसातलं कालवण, केलं होतं. तसं जेवण तिच्या हातून आधी झालं नाही आणि पुढेही झालं नाही, असं सांगतात. ती हात जोडून उभी राहिली. "उणा काय?"

कुणालाच काही सापडेना. एकानं उगाच मिरची कमी आहे म्हटलं, तर ती म्हणाली, "खोटा बोला नको." खरकटे हात वाळून गेले. ऊन उतरायला लागलं. तिची शपथ, त्यामुळे उठताही येईना. तेव्हा एव्हाना केस पिकलेला बुधाजी हळूच म्हणाला, "बाये, आजच्या जेवणात धाकू तांडेल नाय."

मथुराबायनं जोडलेले हात खाली घेतले. "व्हय," ती म्हणाली, "ह्या खरा." नवरा गेल्यानंतर ती चारचौघांत कधी रडली नव्हती. त्या दिवशी पंक्तीसमोर बसून रडली, आणि मग म्हणाली, "उठा आता."

आजही आडवेळला ही रीत आहे. बहुतेक लोक मीठ सांगतात, तिखट सांगतात, सोलकढी गार नव्हती म्हणतात. पण ज्याचं जेवण खरोखरच मनासारखं झालं, तो पाण्याकडे बघत जरा वेळ बसतो आणि एखादं नाव सांगतो. गेल्या मे महिन्यात सांगलीची एक मुलगी अशीच बसली होती. म्हणाली, "आमचे बाबा नाहीत. सुरमईचं डोकं त्यांना लागायचं." विशाखावहिनीनं हात जोडले आणि वाट सोडली.

मी रोज इथेच जेवतो. आमची ही, शालन, जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून "उणा काय?" विचारलं की मी तिचंच नाव सांगतो. विशाखावहिनी हात जोडून ऐकून घेते. पण जागची हलत नाही.

"ता म्हायत आसा माका, तात्यांनु," ती म्हणते. "आता मीठ सांगा."

मग मी मीठ सांगतो.